शेवटच्या प्रकरणाचे वाचक

भिवंडीत लाइट गेली की माणसे एकमेकांशी बोलू लागतात. एरवी यंत्रमागांच्या खडखडाटात बोलण्याची सोयच नसते. खुणांवर काम चालते. माझे वडील अशाच एका कारखान्यात मेहता, म्हणजे देखरेख ठेवणारे कारकून, होते. साचे थांबले की कारागीर वारा खायला दाराशी येऊन बसत आणि वडील वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाचा पुढचा भाग सांगत. वि. ग. कानिटकरांचे ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ त्यांनी असे कित्येक आठवडे पुरवले. हिटलर, मुसोलिनी, आक्रमणे, शेवट, सगळे. नावातच भस्मासुर, तरी वडिलांचे मत ठरलेले होते: माणूस वाईट, पण शिस्त बघा. आणीबाणीत गाड्या वेळेवर धावत, हेही ते त्याच सुरात सांगत. (आमच्या भिवंडी रोड स्टेशनात दिवा–वसई मार्गावरच्या प्रवासी गाड्या आजही मोजक्याच. तिथे वेळेवर यायचे ते काय, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.)

त्या ‘पण’चा माग काढणे हा माझा जुना छंद. हुकूमशहांची चरित्रे मराठीत धो धो खपतात, वि. स. वाळिंब्यांचा ‘हिटलर’ घराघरांत असतो, हे दिवाळी अंकाच्या वाचकाला मी सांगायला नको. माझे कुतूहल वेगळे होते. हा ‘पण’ मराठीत शिरला कधी? मागे जात जात मी 1927 पाशी पोचलो. त्या साली पुण्यात ‘मुसोलिनी आणि फॅसिझ्मो’ नावाचे मराठी पुस्तक निघाले. लेखक द. वि. ताम्हनकर. ‘गोट्या’वाले ना. धों. ताम्हनकर नव्हेत, हे ‘केसरी’चे वार्ताहर.

साल लक्षात घ्या. मुसोलिनीला सत्तेवर नेणाऱ्या रोमवरच्या मोर्चाला जेमतेम पाच वर्षे झालेली. त्या मोर्चाला फॅसिस्ट लोक क्रांतीच म्हणत आणि 28 ऑक्टोबर 1922 पासून नवी कालगणना मोजत. मुसोलिनी पूर्वाश्रमीचा समाजवादी, ‘अवान्ती’चा संपादक. विरोधी पुढारी मात्तेओत्ती याचा खून जून 1924 मध्ये होऊन गेलेला. म्हणजे काय चालले आहे ते कळण्यासारखे होते, आणि कळलेलेही होते. रवींद्रनाथ ठाकूर 1926 च्या उन्हाळ्यात मुसोलिनीचे पाहुणे म्हणून इटलीत हिंडले, सत्काराने भारावले, चांगले बोललेही. मग स्वित्झर्लंडात फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ भेटले, देशोधडीला लागलेले इटालियन भेटले, आणि ऑगस्टमध्ये ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये रवींद्रनाथांनी आपले स्नेही सी. एफ. अँड्र्यूज यांना लिहिलेले निषेधाचे पत्र छापून आले. ताम्हनकरांच्या पुस्तकाच्या आदल्याच वर्षी. तरीही पुण्याचे पुस्तक कौतुकाचे निघाले.

इटालियन संशोधिका मार्झिया कासोलारी यांनी 2000 साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तल्या लेखात हे पुस्तक पुन्हा उजेडात आणले. त्यांनी नोंदवलेली एक गोष्ट मला सोडवेना. चरित्र संपल्यावरही पुस्तक संपत नाही. शेवटचे अख्खे प्रकरण फॅसिस्ट समाजव्यवस्था आणि संस्था यांवर आहे, आणि त्यात विशेष भर मुलांच्या, तरुणांच्या संघटनांवर. गणवेश, कवायत, वयोगटांप्रमाणे पथके. चरित्रनायक बाजूला राहतो आणि त्याचा आखाडा पुढे येतो. माझ्या मते त्या काळच्या वाचकाने पुस्तक खरे वाचले ते इथून, मागून पुढे. मुसोलिनी कोण, याच्याशी त्याला फारसे देणेघेणे नव्हते. आपल्या पोरांचे काय करायचे, ही त्याची विवंचना होती. ‘केसरी’ 1924 ते 1935 या काळात इटलीवर सतत लिहीत होता, आणि ऑगस्ट 1929 मधल्या एका लेखाचा विषयही हाच होता: इटलीतल्या तरुण पिढीने देश कसा हातात घेतला.

या वाचकाचा नमुना पाहायचा तर नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे. नेत्रतज्ज्ञ, हिंदू महासभेचे पुढारी, आणि दैनंदिनी लिहिण्यात कमालीचे चिकाटीचे. पहिल्या गोलमेज परिषदेहून परतताना मार्च 1931 मध्ये ते रोमला थांबले. 19 मार्चला पालाझ्झो व्हेनेझियात त्यांची मुसोलिनीशी भेट झाली. दैनंदिनीतले वर्णन मोठे बोलके आहे. आपले नाव पुकारताच तो उठला, चालत दारापर्यंत सामोरा आला, हे मुंजे बारकाईने टिपतात. साठीला टेकलेला, सगळे आयुष्य गोऱ्या साहेबाच्या दालनाबाहेर ताटकळण्याच्या राजकारणात घालवलेला माणूस. त्याला ती चार पावले केवढी वाटली असतील! पण मुलाखतीपेक्षा जास्त जागा त्यांनी बलिल्ला या मुलांच्या संघटनेला आणि व्यायामशिक्षणाच्या संस्थांना दिली आहे. पुन्हा शेवटचे प्रकरणच. मुंजे ते फक्त चालत जाऊन वाचत होते.

पुढचा क्रम सर्वपरिचित आहे. 31 जानेवारी 1934 ला फॅसिझम आणि मुसोलिनी या विषयावर कवडेशास्त्रींनी भरवलेली परिषद, अध्यक्ष राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक डॉ. हेडगेवार, समारोप मुंजे यांचा. आणि 1937 मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल. मार्च 1934 च्या एका नोंदीत मुंजे शिवाजी महाराज, मुसोलिनी आणि हिटलर यांना एकाच वाक्यात बसवतात. ती नोंद वाचताना मला भिवंडीकर म्हणून कसेसेच झाले. मे 1970 मध्ये इथे शिवजयंतीच्या मिरवणुकीतून दंगल कशी पेटली, ते न्या. मादन आयोगाच्या जाडजूड अहवालात आहे.

यावरून भांडण आहे आणि ते मिटण्यातले नाही. एक पक्ष म्हणतो, सगळे इटलीहून आले. दुसरा म्हणतो, संघ 1925 चा, मुंजे रोमला गेले 1931 मध्ये; उसनवारी कसली? दुसऱ्या पक्षाच्या हातात आणखी एक पान आहे, जे तो फारसे खेळत नाही: लष्करी शिक्षणाचा ध्यास मुंज्यांना आधीपासून होता, आणि ज्या 1931 च्या चेटवुड समितीतून पुढच्याच वर्षी डेहराडूनची अकादमी उभी राहिली, तिचे ते सदस्य होते. मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात. मुंज्यांना रोमने नवे काही शिकवले असे वाटत नाही. मनात होते त्यावर रोमने शिक्का मारला. पण शिक्का कोणाचा, हा प्रश्न उरतोच. आणि तो शिक्का रवींद्रनाथांनी पाच वर्षे आधी नाकारला होता.

ताम्हनकर पुढे लंडनला पत्रकार म्हणून स्थिरावले आणि चरित्रेच लिहीत राहिले, आता इंग्रजीत: 1956 मध्ये लोकमान्य टिळक, 1958 मध्ये झाशीची राणी, 1970 मध्ये सरदार पटेल. पटेलांच्या चरित्राला प्रस्तावना खुद्द माउंटबॅटनची. खंबीर माणसांची ओढ सुटली नव्हती, नायक मात्र घरचे झाले. ग्रंथसूचीत या चौघांची नावे एकाखाली एक पाहिली की गंमत वाटते आणि थोडी चुकचुकही.

आता वडिलांच्या त्या ‘पण’कडे. एका दुपारी लाइट गेली होती आणि मुसोलिनीचा शेवट चालू होता: एप्रिल 1945, मिलानचा चौक, पेट्रोल पंपाच्या छपराला उलटी टांगलेली प्रेते. वडील रंगात आले होते. एक पद्मशाली कारागीर गुडघ्यावर कांड्यांची टोपली घेऊन ऐकत होता. त्याने मध्येच विचारले, “मेहता, त्याच्या राज्यात संप चालायचा का?”

वडील म्हणाले, “बघून सांगतो.”

तेवढ्यात लाइट आली आणि साचे सुरू झाले.

उत्तर मला बऱ्याच वर्षांनी सापडले. 3 एप्रिल 1926 च्या कायद्याने इटलीत संप हा गुन्हा ठरला होता. ताम्हनकरांच्या पुस्तकाच्या वर्षभर आधी. वडील तोवर गेले होते. त्या कारखान्याच्या जागी आता एका कुरिअर कंपनीचे गोदाम आहे. मध्यंतरी मी काही जुनी पुस्तके मागवली, तेव्हा मोबाइलवर पार्सलचा प्रवास दिसत होता: भिवंडी, भिवंडी, भिवंडी. चौथ्या दिवशी पोऱ्या सही घ्यायला आला. त्याला म्हटले, “एवढ्याशा अंतराला चार दिवस?” तो म्हणाला, “काका, मधले दोन दिवस गाड्या बंद होत्या. ड्रायव्हर लोकांनी काम थांबवलं होतं.”