बहात्तर ऋतूंचा हिशेब

मेटालिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा मी तीस वर्षांहून अधिक काळ चाहता आहे. चाहता आहे, भक्त नाही. हा फरक सुरुवातीलाच सांगितला पाहिजे, कारण भक्ताला मत नसते. त्याच्याकडे फक्त आरती असते. चाहत्याला मात्र आवडत्या माणसाचे चुकले तर तसे बोलण्याचा अधिकार असतो. किंबहुना ते त्याचे कर्तव्यच असते.

हे लिहिण्याचे निमित्त माझा सतरा वर्षांचा भाचा. बारावीत आहे. परवा त्याने विचारले, "मामा, तू पेपरात सगळ्यांची चिकित्सा करतोस. मग 'सेव्हन्टी टू सीझन्स' कसा वाटला ते खरं का सांगत नाहीस? मी विचारलं की 'छान आहे' म्हणतोस आणि विषय बदलतोस." पोराने वर्मावर बोट ठेवले. म्हणून हा लेखनप्रपंच.

'सेव्हन्टी टू सीझन्स' हा मेटालिकाचा अल्बम १४ एप्रिल २०२३ रोजी जगभर प्रकाशित झाला. तारीख वाचून आपल्या वाचकांना जे आठवेल तेच मलाही आठवले. दिवसभर आम्ही जयंतीच्या मिरवणुकीत होतो. रात्री उशिरा घरी आलो, कानात डीजेचा आवाज घुमत होता, आणि तशाच कानांनी पहिले गाणे ऐकले. बारा गाणी, सत्त्याहत्तर मिनिटे. त्याआधीचा अल्बम २०१६ च्या नोव्हेंबरात आला होता. म्हणजे साडेसहा वर्षे वाट पाहिलेली. त्या रात्री मी भारावलो होतो हे कबूल करतो. पण भारावलेल्या माणसाचे मत ग्राह्य धरू नये. त्यानंतर तो अल्बम मी कितीतरी वेळा ऐकला. नव्याची नवलाई ओसरली आहे. आता बोलायला हरकत नाही.

आपल्या पानावर हेवी मेटल कशासाठी, असे काही वाचक विचारतील. लांब केस, काळे कपडे आणि कानठळ्या बसवणारा गोंगाट, म्हणजे श्रीमंतांच्या पोरांचा शौक, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. हे संगीत कामगारवस्तीत जन्मले. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. तेथील अॅस्टन भागातली चार पोरे म्हणजे ब्लॅक सॅबथ. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच! त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यावर चामडे चिकटवले, हलक्या तारा लावल्या आणि पुढे तारांचा ताण सैल करून सूर खाली आणला. १९७० साली त्यांचा पहिला अल्बम आला, तेव्हा जगाने ऐकलेला तो जड, काळोखा आवाज एका जखमी कामगाराच्या हातातून निघालेला होता. ५ जुलै २०२५ रोजी ब्लॅक सॅबथने आपल्याच वस्तीतल्या व्हिला पार्क मैदानावर निरोपाचा कार्यक्रम केला, तेव्हा मानवंदना द्यायला मेटालिकाही हजर होती. सतरा दिवसांनी सॅबथचा गायक ऑझी ऑस्बर्न गेला. ज्या झाडाची ही फांदी आहे, त्याचे मूळ कुठे आहे ते यावरून कळावे.

आता मूळ विषयाकडे वळू. बहात्तर ऋतू म्हणजे काय? पाश्चात्त्यांकडे वर्षाला चार ऋतू. अठरा वर्षांचे झाले बहात्तर. (आपल्या पाठ्यपुस्तकातले सहा धरले तर एकशे आठ होतील आणि प्रत्यक्षात अनुभवाला येणारे तीन धरले तर चोपन्न!) माणसाच्या आयुष्याची पहिली अठरा वर्षे त्याला घडवतात किंवा मोडतात. आपण कोण आहोत, याविषयी आपल्याला जे सांगितले गेले त्यातच आपण पुढे जन्मभर अडकून राहतो का, हा या अल्बमचा प्रश्न आहे. मुखपृष्ठावर झगझगीत पिवळ्या रंगावर बाळाचा जळून काळा पडलेला पाळणा आहे, भोवती मोडकी खेळणी. प्रश्न फार मोठा आहे आणि तो विचारणारा गायक जेम्स हेटफिल्ड याला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे.

हेटफिल्डचे आईवडील 'ख्रिश्चन सायन्स' या पंथाचे. आजार औषधाने नव्हे, प्रार्थनेने बरा होतो, ही त्यांची श्रद्धा. शाळेत आरोग्याच्या तासाला या मुलाला वर्गाबाहेर थांबावे लागे. तो तेरा वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले. आईला कर्करोग झाला. तिने उपचार घेतले नाहीत. १९८० साली ती वारली तेव्हा मुलगा सोळा वर्षांचा होता. अंगात आले म्हणून पोराला दवाखान्याऐवजी देवऋषाकडे नेणारी घरे आपण पाहिली आहेत. त्यामुळे ही गोष्ट अमेरिकेतली असली तरी आपल्याला परकी वाटू नये. पुढे हा माणूस जगातल्या सर्वात यशस्वी बँडांपैकी एकाचा गायक झाला, पण व्यसनाने त्याला सोडले नाही. २००१ साली तो उपचारासाठी दाखल झाला आणि २०१९ साली पुन्हा व्हावे लागले. 'सेव्हन्टी टू सीझन्स' हा त्यानंतरचा अल्बम आहे.

आधी जमेची बाजू सांगतो. साठीकडे झुकलेल्या माणसांनी वाजवलेले हे संगीत आहे, यावर विश्वास बसत नाही. शीर्षक गीत बासच्या धडधडीने सुरू होते आणि एकदा सुटले की थांबत नाही. २०२४ साली याच गाण्याला ग्रॅमी मिळाले. 'लक्स एटर्ना' जेमतेम साडेतीन मिनिटांचे, पण त्यात १९८३ सालची, पहिल्या अल्बमची चारही पोरे जिवंत होतात. 'यू मस्ट बर्न' हे चेटकीण ठरवून माणसाला जाळायला निघालेल्या जमावाविषयी आहे. त्याची संथ, दाबून टाकणारी लय त्या विषयाला शोभते. १९८८ च्या अल्बमात बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही, ही आम्हा चाहत्यांची जुनी तक्रार. येथे रॉबर्ट ट्रुहिलोचा बास छातीत लागतो. आणि शेवटचे 'इनामोराटा'! अकरा मिनिटांचे हे गाणे म्हणजे मेटालिकाचे आजवरचे सर्वात लांब गाणे. आपल्या दुःखावरच आपला जीव जडतो, ते सोडवत नाही, ही त्यातली कबुली आहे. मधेच सगळे वाद्य शांत होते, फक्त बास उरतो, मग एकेक गिटार हळूहळू परत येते. हे गाणे मी डोळे मिटून ऐकतो.

आता खर्चाची बाजू. सत्त्याहत्तर मिनिटे जास्त आहेत. बारापैकी सात-आठ गाणी ठेवली असती तर हा त्यांच्या उत्तम अल्बमांत बसला असता. मधली गाणी एकाच मध्यम चालीत सहा-सहा, सात-सात मिनिटे चालतात. 'क्राउन ऑफ बार्बड वायर' कुठे संपले आणि 'चेसिंग लाइट' कुठे सुरू झाले, हे घरकाम करता करता ऐकले तर कळणार नाही. कर्क हॅमेटच्या पायाखाली तोच वा-वा पेडल आहे आणि त्याचे सोलो एकमेकांची सावली वाटतात. एकही संथ, भावगर्भ गाणे नाही. त्यामुळे श्वास घ्यायला जागा राहत नाही. शब्दांचेही तेच. अंधार, प्रकाश, सावली, आरसा या चार खांबांवर सगळा मांडव उभा आहे. कुणी संपादक या चौघांच्या मधे बसला असता तर बरे झाले असते.

पण माझी खरी तक्रार लांबीबद्दल नाही.

१९८८ साली याच बँडने न्यायव्यवस्थेवर अख्खा अल्बम काढला. मुखपृष्ठावर न्यायदेवता दोरखंडांनी बांधलेली आणि तिच्या तराजूच्या पारड्यांतून नोटा सांडत आहेत. त्याच अल्बमात युद्धात हातपाय, डोळे, वाचा गमावलेल्या सैनिकाचे गाणे आहे. १९९१ साली 'द गॉड दॅट फेल्ड' या गाण्यात हेटफिल्डने आईच्या मृत्यूला जबाबदार असलेल्या श्रद्धेलाच जाब विचारला. ही गाणी आरोपीकडे बोट दाखवत होती. जखम कोणी केली, हे सांगत होती. २०२३ च्या अल्बमात जखम आहे, वेदना आहे, रक्तही आहे. फक्त आरोपी नाही. सगळा अंधार माणसाच्या आत आहे, जणू तो तेथेच आपोआप उगवला! 'यू मस्ट बर्न' सोडले तर घराच्या उंबरठ्याबाहेर हा अल्बम क्वचितच पाऊल टाकतो. मुलाची पहिली अठरा वर्षे फक्त आईबाप घडवतात काय? शाळा घडवते, वस्ती घडवते, बापाची नोकरी घडवते, गावातली पायरी घडवते. ज्या पोराला वर्गात मागे बसवले गेले त्याच्या डोक्यातल्या अंधाराला बाहेर पत्ता असतो. तो पत्ता न लिहिता नुसता अंधार गायचा, म्हणजे अर्धेच काम झाले. ज्याने तरुणपणी ते काम पुरे केले होते, त्याच्याकडून मी अर्ध्यावर समाधान का मानू?

हे सगळे मी भाच्याला सांगितले. मला वाटले, पोरगा खूश होईल. तो गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, तुला कारण पाहिजे. कारण मला माहितीय ना. आमच्या घरात काय झालं ते तुलाही माहितीय. पण त्यावर घरात कोणी बोलतं का? हा माणूस बोलला तरी."

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. या अल्बमात 'स्क्रीमिंग सुइसाइड' नावाचे गाणे आहे. भाचा रात्री कानात इअरफोन घालून ते पुन्हा पुन्हा ऐकतो हे बहिणीने मला फोनवर सांगितले, तेव्हा माझ्या काळजात धस्स झाले होते. नाव वाचूनच तिने धसका घेतला होता. मी गाणे लक्ष देऊन ऐकले. ते मरणाकडे बोलावत नाही. मनात असे विचार येतात हे मान्य करा, ते लपवू नका, हे त्याचे म्हणणे आहे. जो शब्द आपण घरात उच्चारू देत नाही, तो हे लोक हजारो माणसांसमोर मोठ्याने उच्चारतात, जेणेकरून एकट्याने तो मनात घोळवत बसण्याची पाळी कोणावर येऊ नये. तरीही पोराने ते एकट्याने ऐकू नये असे मला वाटले. म्हणून त्या रात्री मी त्याच्याकडे गेलो आणि इअरफोनचा एक कान त्याने मला दिला. गाणे संपल्यावर तो बराच वेळ बोलला. काय बोलला ते येथे लिहिण्याचे कारण नाही. बहिणीशी आणि एका समुपदेशक बाईंशी बोलणे झाले आहे. तो आता बरा आहे.

तेव्हा माझे मत बदलले काय? नाही. अल्बम लांबला आहे, तो मी तसाच म्हणणार. आरोपी निसटला आहे, तेही म्हणणार. भाच्याला उपयोग झाला म्हणून मधली ढिली गाणी घट्ट होत नाहीत. पण माझ्या हिशेबात एक रक्कम लिहायची राहिली होती, ती त्या पोराने लिहून दिली. कारण शोधणे हे आमच्या पिढीचे काम होते, ते आम्ही केले आणि करत राहू. मात्र आरोपीचे नाव घेताना जखमी माणसाशी बोलायचे राहून जाते, हे आमच्या घराघरांत घडले आहे. सभेत दोन तास बोलणारे आम्ही घरी आल्यावर पोराशी दोन मिनिटे बोलत नाही. त्याच्या बहात्तर ऋतूंपैकी अडुसष्ट होऊन गेले. उरलेले चार तरी मोजून घेऊ.

वाचकहो, ज्यांनी हा अल्बम ऐकलेला नाही त्यांनी पहिले, पाचवे, सहावे आणि शेवटचे गाणे ऐकावे. बाकीची सोडली तरी चालेल. तिसरे मात्र घरातल्या तरुण पोराबरोबर बसून ऐका, आणि संपल्यावर लगेच उठू नका.