टाकसाळीची चूक की रस्त्याची ठोकर?

शेगावहून दर्शन घेऊन परतल्यावर खिशातली चिल्लर ताटात ओतली, की एखादे चेपलेले, कडेला तुटलेले नाणे हमखास निघते. लगेच कुणीतरी मोबाइलवर ‘एरर कॉइन’चे लाखांचे भाव दाखवतो. त्याआधी नाणे घडते कसे, ते समजून घ्यावे.

टाकसाळीत धातूच्या पट्टीतून कोऱ्या चकत्या कापतात, त्यांची कड किंचित उचलतात, भट्टीत धातू मऊ करतात. मग चकतीभोवती कडे येते आणि दोन ठशांच्या दाबाखाली दोन्ही बाजू एकदमच उमटतात. ठशावर जे खोल, ते नाण्यावर उंच. म्हणून ठशाला तडा गेला तर धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर उठावाची नागमोडी रेघ येते. ओरखडा मात्र नाण्यात खोल रुततो, बाजूला सरकलेला धातू काठाशी बोटाला खरखरीत लागतो. नाणे तिरप्या उजेडात धरून भिंगातून पाहा, फरक दिसेल.

मला सर्वांत आवडते ती कड तुटलेल्या नाण्याची परीक्षा. पट्टीतल्या आधीच्या भोकावरच पुन्हा कापणी झाली, तर चकतीला चंद्रकोरीसारखी खाच पडते. पुढे कड उचलताना खाचेच्या जागी दाब द्यायला धातूच नसतो, म्हणून तिच्या बरोबर समोरची कडही पुसट राहते. कानशीने घासलेल्या नाण्याची समोरची कड मात्र ठसठशीत असते. ही खूण नकली करणे फार अवघड.

ठसा एका बाजूला सरकून कोरी कोर उरली, तर ती आजच्या यंत्रयुगातली खरी चूक. पण सिंदखेडराजा ज्यांचे माहेर, त्या जिजाऊंच्या शिवबांची तांब्याची शिवराई पाहा. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे तिच्यावर पूर्ण क्वचितच सापडतात. ती हाताने ठोकलेली, चकती बहुधा ठशाहून लहान. तिथे अर्धे अक्षर ही रीतच होती.

सालाखाली टाकसाळीची खूण नाही, हीही चूक नव्हे. मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. कोलकात्याची टाकसाळ खूणच घालत नाही.

शंका उरली तर वजन करावे. खामगावच्या चांदी बाजारात बारीक वजनाचे काटे आहेतच. 2011च्या मालिकेतला पोलादी रुपया 3.79 ग्रॅमचा, 2019च्या मालिकेतला 3.09 ग्रॅमचा. घासलेले किंवा आम्लात बुडवलेले नाणे हलके भरते, आणि त्यावरची अक्षरेही बोथट होतात. दहा रुपयांच्या नाण्याची मधली चकती निखळलेली असेल, तर आतल्या काठावर ठोकल्याचे वण शोधा.

नाणे चिंचेने घासू नका, पृष्ठभागावरचा पुरावाच निघून जातो. आणि विकायचे ठरलेच, तर आगाऊ ‘शुल्क’ मागणाऱ्याला पैसे पाठवू नका. आपले नाव वापरून होणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021मध्येच जाहीर इशारा दिला आहे.