लावणं सोपं, काढणं महाकठीण!

वसई रोड स्टेशनबाहेरच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानासमोर जरा उभं राहा. शाळेचा प्रोजेक्ट, भरतीचा फॉर्म, लग्नाची पत्रिका, सगळं पेनड्राइव्हवरून येतं, प्रिंट होतं आणि पेनड्राइव्ह सर्रकन उपसला जातो. मागे रांग लागलेली असताना ‘सेफली रिमूव्ह’चे सोपस्कार करतंय कोण? पण त्या एका हिसक्यासरशी कॉम्प्युटरच्या पोटात काय धावपळ उडते, ते कर्नल लिहिणाऱ्यांना विचारा. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. लिनक्सचा कर्नल तर आपल्या विरार लोकलमधल्या प्रत्येक अँड्रॉइड फोनात बसलाय. डिव्हाइस आलं की त्याचं स्वागत करायला तो सदैव तयार. खरा घोळ होतो, तो पाहुणा न सांगता उठून गेल्यावर!

गेट्ससाहेबांची फजिती

जोडतानाही नाक कापलं जातंच म्हणा. २० एप्रिल १९९८, शिकागोतलं कॉम्डेक्स प्रदर्शन. स्टेजवर बिल गेट्स, शेजारी त्यांचे सहकारी क्रिस कापोसेला. विंडोज ९८ किती हुशार आहे हे दाखवायला कापोसेलांनी स्कॅनर जोडला आणि भर सभेत मशीन निळ्या पडद्यावर जाऊन पडलं. म्हणूनच तर हे अजून बाजारात आणलं नाही, असं म्हणत गेट्सनी हसून वेळ मारून नेली. दोनेक महिन्यांत विंडोज ९८ विक्रीला आलंच.

तोच माउस, नंबर नवा

लिनक्सच्या मशीनवर ‘डीमेसेज’ ही कमांड चालवली की कर्नलची रोजनिशी समोर येते. माउस लावा: नवं यूएसबी डिव्हाइस, नंबर ५. उपटा: यूएसबी डिस्कनेक्ट, डिव्हाइस नंबर ५. पुन्हा लावा, की तोच माउस आता नंबर ६! यूएसबीचा पत्ता ७ बिटांचा, म्हणजे एकूण १२८ आकडे. त्यातला शून्य नुकत्याच आलेल्या, अजून नंबर न मिळालेल्या डिव्हाइससाठी राखीव. उरले १२७. ते संपले की कर्नल पुन्हा सुरुवातीपासून रिकामा नंबर शोधतो.

ही सीट कुणाची?

सकाळी नालासोपाऱ्याचे आणि वसईचे कित्येक जण उलटे विरारला जातात आणि तीच गाडी ‘रिटर्न’ पकडून बसून येतात. समजा, असा एक जण सीट सोडून उतरला. तिथे दुसरा बसला. थोड्या वेळाने पहिला परत आला आणि न बघताच धपकन त्याच सीटवर बसला. पुढची भांडणं तुम्हाला माहीत आहेत. कर्नलमध्ये या प्रकाराला ‘यूज आफ्टर फ्री’ म्हणतात. डिव्हाइस गेलं, त्याच्यासाठी ठेवलेली मेमरी सोडून दिली, ती दुसऱ्या कुणाला मिळाली. पण जुना ड्रायव्हर, म्हणजे ते डिव्हाइस चालवणारा कोड, अजून तिथेच लिहितोय.

यावरचा उपाय म्हणजे हजेरी. डिव्हाइस वापरणाऱ्या प्रत्येकाची मोजदाद ठेवायची आणि शेवटचा गेल्यावरच ‘रिलीज’ नावाच्या फंक्शनने मेमरी मोकळी करायची. हे फंक्शन लिहिलंच नसेल तर कर्नल कुरकुरतो. त्याचं तोंड बंद करायला काही महाभाग रिकामं फंक्शन देऊन मोकळे होत. म्हणून कर्नलच्या अधिकृत कागदपत्रांत कैक वर्षं चक्क धमकी छापलेली होती, की असं केलंत तर या भागाचा सांभाळ करणारा गडी तुमची यथेच्छ टिंगल करील!

याहून खट्याळ गोष्ट पुढे आहे. कर्नलमध्ये एक चाचणीचा पर्याय आहे. तो चालू केला की शेवटचा वापरणारा गेल्यावरही ‘रिलीज’ मुद्दाम उशिरा होतं. घाईघाईने मेमरी सोडून देणारा ड्रायव्हर त्यात अलगद पकडला जातो.

शहाणपणाचाही कधी कधी त्रास होतो. २००७ मध्ये तेजुन हिओ यांनी ‘डेव्हएम’ नावाची सोय आणली: डिव्हाइस गेलं की त्याचं सगळं सामान आपोआप आवरलं जाणार. ड्रायव्हर लिहिणारे खूश. पण एखाद्या प्रोग्रामने डिव्हाइसची फाइल उघडून ठेवली असेल आणि तेवढ्यात कुणी वायर उपटली तर? सामान आवरून झालेलं, प्रोग्राम मात्र अजून आत! २०२२ च्या लिनक्स प्लंबर्स परिषदेत लॉराँ पँशार यांनी ही सोय घातक का ठरते, यावरच व्याख्यान दिलं. माझ्या मते ते बरोबर होते. आपोआप आवरणारं घर भाड्याने देताना आधी आत कुणी आहे का ते बघायला नको?

कार्ड मेलं, खुनी भलताच

२००८ चा सप्टेंबर. लिनक्स २.६.२७ ची चाचणी आवृत्ती चालवणाऱ्यांची इंटेलची नेटवर्क कार्डं एकेक करून मरायला लागली. रिस्टार्ट करून पाहा, विंडोज टाकून पाहा, काही उपयोग नाही. कार्डाच्या स्वतःच्या मेमरीतलाच मजकूर बिघडलेला. संशय साहजिकच ‘ई१०००ई’ या ड्रायव्हरवर. इंटेलने घाईने त्या मेमरीला लेखनबंदीचं कुलूप लावलं. पण कुलूप लावून चोर सापडत नाही.

खरा आरोपी निघाला ‘एफट्रेस’. कर्नलमधली फंक्शनं कधी चालतात याची नोंद ठेवणारं हे साधन, नेटवर्कशी त्याचा संबंध शून्य. एखादा ड्रायव्हर सुरू होताना लागणारा कोड काम झाल्यावर टाकून दिला जातो. एफट्रेसच्या यादीत मात्र त्याचा पत्ता तसाच राहिला होता. तोच पत्ता पुढे कार्डाच्या मेमरीला मिळाला. एफट्रेस नेहमीच्या सवयीने तिथे बदल करायला गेला आणि थेट कार्डावर लिहून आला. म्हणजे पुन्हा सीटचंच भांडण, फक्त या वेळी हार्डवेअर बळी गेलं. ९ ऑक्टोबर २००८ ला २.६.२७ बाहेर पडला तोही एफट्रेसचा तो भाग चालू ठेवूनच; तो बंद झाला आठवड्याभराने आलेल्या २.६.२७.१ मध्ये.

घ्या, आणखी दोन-चार

जुन्या प्रिंटर ड्रायव्हरमध्ये कागद संपला तर एक संदेश, प्रिंटर ऑफलाइन असेल तर दुसरा. आणि कारणच कळलं नाही तर? मग तो सांगतो, ‘एलपी झीरो ऑन फायर’. दुकानात हा संदेश दिसला तर आधी बादली नका शोधू.

नवं डिव्हाइस आलं की कर्नल दवंडी पिटतो आणि ‘युडेव्ह’ नावाचा प्रोग्राम त्याची पुढची व्यवस्था लावतो. २००९ मध्ये लक्षात आलं, की दवंडी खरंच कर्नलने पिटली की दुसऱ्या कुणी, हे युडेव्ह विचारतच नव्हता. साध्या युजरने खोटी दवंडी दिली की मशीनचा मालक तोच.

२०१७ मध्ये आंद्रे कोनोवालोव्ह यांनी कर्नलला मुद्दाम वेडीवाकडी, खोटी यूएसबी डिव्हाइस दाखवायला सुरुवात केली. नोव्हेंबरमध्ये त्यांनी एका दमात १४ दोषांचे तपशील जाहीर केले.

हे खेळ घरीही खेळता येतात. वसईच्या विद्यावर्धिनीत किंवा विरारच्या विवामध्ये शिकणाऱ्या मुलाला वेगळं मशीनही लागत नाही. ‘क्यूएमयू’मध्ये आभासी कॉम्प्युटर उभा करायचा, एका कमांडने आभासी पेनड्राइव्ह जोडायचा, दुसरीने उपटायचा आणि रोजनिशी वाचत बसायचं. लिनक्सचे मूळ धडे हवेत तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये ते मराठीतून मिळतात.

पुण्याचा डॉक्टर

चालता कर्नल मध्येच थांबवून त्याच्या पोटात डोकवायचं असेल, तर ‘केजीडीबी’ लागतो. दोन मशीन, मध्ये सीरियल केबल. एकावर आजारी कर्नल, दुसऱ्यावर तपासणारा. कितीतरी वर्षं हे काम पुण्याच्या लिनसिससॉफ्टचे अमित काळे यांनी सांभाळलं. मुख्य कर्नलमध्ये मात्र त्याला जागा नव्हती, कारण लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना अशा तपासणाऱ्या साधनांचं, म्हणजे डीबगरचं, वावडं. डीबगर हाती आला की माणसं मुळाशी न जाता वरवरची मलमपट्टी करतात, असं त्यांचं मत. अखेर जुलै २००८ च्या २.६.२६ मध्ये जेसन वेसल यांनी नव्याने बांधलेला केजीडीबी आत आला. त्याच्या माहितीपत्रकाच्या श्रेयनामावलीत पहिलं नाव अमित काळे यांचं आहे.

फ्लॉपी अजून जिवंत

जुलै २०१९ मध्ये फ्लॉपीचा ड्रायव्हर कर्नलच्या यादीत ‘अनाथ’ ठरला. सांभाळणाऱ्या यिरी कोसिना यांच्याकडे चालू स्थितीतली फ्लॉपी ड्राइव्हच उरली नव्हती, आणि डिव्हाइसच हाताशी नसेल तर बग दुरुस्त झाला की नाही हे बघणार कसं? तरी ड्रायव्हर काढून टाकला नाही. आभासी मशीन अजूनही जुन्या फ्लॉपी कंट्रोलरचं सोंग वठवतात, त्यांची सोय बघायला हवी ना! पुढे डेनिस एफ्रेमोव्ह यांनी त्याला दत्तक घेतलं. यादीत त्याच्यापुढे शेरा आहे: ‘ऑड फिक्सेस’. म्हणजे जमेल तेव्हा, जमेल तशी डागडुजी.