घरचे हवामानयंत्र अबोल झाले तर

चंडीगडहून काल्क्याच्या वाटेला लागले म्हणजे सुमारे बावीस किलोमीटरांवर, शिवालिकच्या टेकड्यांच्या पायथ्याशी, पिंजौर हे हरियाणातील गाव लागते. तेथील प्रसिद्ध उद्यान पाहिलेले वाचक पुष्कळ असतील. सतराव्या शतकात नवाब फिदाई खान याने ते आखले. आज ते यादवींद्र उद्यान या नावाने ओळखले जाते. सात टप्प्यांनी बाग खाली उतरत जाते आणि तिच्या मधोमध पाण्याचा पाट एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर झेपावतो. अशा बागेतील सर्वांत खालचे कारंजे कोरडे पडले तर जाणता माळी तेथेच खणत बसत नाही. पाटाच्या काठाने तो एकेक टप्पा वर चढतो, पाणी कोठवर येऊन थांबले ते पाहतो आणि तेवढीच जागा दुरुस्त करतो.

माळ्याची ही रीत आज आपल्या घरात आलेल्या एका अगदी नव्या वस्तूला तंतोतंत लागू पडते. ती वस्तू म्हणजे घरगुती हवामानयंत्र. छतावर किंवा अंगणात त्याचे पर्जन्यमापक, वाऱ्याच्या वाट्या, वातकुक्कुट आणि तापमापक उभे असतात. घरात त्याचा डिस्प्ले असतो. आणि एका यूएसबी केबलने हा डिस्प्ले तळहातावर मावणाऱ्या, एकाच पाटीवर सर्व भाग बसविलेल्या छोट्या संगणकाला जोडलेला असतो. २०१२ साली विक्रीस आलेला ‘रास्पबेरी पाय’ हा अशा संगणकांपैकी सर्वपरिचित होय. शाळांतून, शेतघरांतून आणि हौशी माणसांच्या गच्च्यांवर ही जोडी आता दिसू लागली आहे. परंतु एखाद्या सकाळी ती अबोल होते, किंवा त्याहून वाईट म्हणजे, अशक्य आकडे सांगू लागते. अशा वेळी काय करावे, याचा थोडा विचार येथे करू.

आपला पाऊस, आपली नोंद

प्रथम कोणी विचारील, की सरकारी वेधशाळा असताना घरी हा खटाटोप कशाला? भारतीय हवामान खाते १८७५ सालापासून हे काम निष्ठेने करीत आले आहे. तथापि पाऊस गावांच्या सीमा पाळत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच शहरातील कुलाब्यास सुमारे ७३ मिलिमीटरच. डोंगराच्या पायथ्याची गावे तर अशा लहरीपणाची नेहमीची धनी. जुलै २०२३ मध्ये चंडीगडास एका दिवसात ३०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला आणि त्या परिसरातील नद्यानाले फुगले. पिंजौरसारख्या गावात वरच्या डोंगरावर किती कोसळले आणि आपल्या दारी किती, हे दोन निराळे प्रश्न असतात. दुसऱ्याचे उत्तर घरचे यंत्रच देऊ शकते.

खेदाची गोष्ट ही, की वादळाच्या रात्रीच वीज जाते, केबल ओली होते, संगणक बंद पडतो. म्हणजे ज्या रात्रीची नोंद वर्षभरात सर्वांत मोलाची, नेमकी तीच हातची जाते. यंत्राची तपासणी कशी करावी हे पावसाळ्यापूर्वी शिकून ठेवायचे ते याकरिताच.

सात टप्प्यांची वाट

या यंत्रातून आकडा आपल्यापर्यंत येतो तो कोणत्या मार्गाने? बाहेरील मापके प्रथम मोजतात. त्यांचा बिनतारी संदेश घरात येतो. एका प्रचलित बनावटीत तो सुमारे ४८ सेकंदांनी एकदा येतो. डिस्प्ले तो संदेश घेऊन स्वतःच्या स्मृतीत ठेवतो. तेथून केबल, मग संगणक, मग संगणकातील वाचन करणारा प्रोग्राम आणि अखेर मेमरी कार्डावरील नोंद. योगायोगाने हेही सात टप्पे झाले.

दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे ठरविण्यास दोन साधे प्रश्न पुरतात. पहिला प्रश्न: डिस्प्लेवर बाहेरचे तापमान दिसते काय? आकड्याच्या जागी नुसत्या आडव्या रेघा असतील तर दोष बाहेर आहे. मापकातील सेल संपले असतील, त्यांच्या टोकांना गंज चढला असेल, किंवा मध्ये पत्र्याचे छप्पर वा जाड भिंत येऊन संदेश अडत असेल. अशा वेळी संगणकाला हात लावण्याचे कारणच नाही.

डिस्प्ले नीट बोलत असेल तर दुसरा प्रश्न: संगणकाला डिस्प्ले दिसतो काय? रास्पबेरी पायवर ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दिली म्हणजे जोडलेल्या सर्व उपकरणांची यादी पुढे येते. डिस्प्लेची केबल काढून एकदा यादी पाहावी, जोडून पुन्हा पाहावी. एक ओळ वाढली तर केबलपर्यंतची वाट मोकळी आहे आणि अडचण प्रोग्रामात आहे. पुष्कळदा ती अडचण एवढीच असते, की ते उपकरण वाचण्याची परवानगी संगणकाने त्या प्रोग्रामाला दिलेली नसते. यादीत ओळ वाढलीच नाही तर मात्र केबलकडे पाहावे. यूएसबीच्या साध्या केबलीत चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. केवळ चार्जिंगकरिता केलेल्या काही स्वस्त केबलींत माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून दोन्ही केबली जुळ्या बहिणींसारख्या. भेद कामाला लावल्यावरच कळतो.

तीन नेहमीचे दोष

काही दोष इतक्या घरी आढळतात, की त्यांची ओळख आधीच करून घ्यावी.

पहिला दोष अपुऱ्या विजेचा. या संगणकाला पाच व्होल्टची स्थिर वीज लागते. ती ४.६३ व्होल्टच्या खाली उतरली की रास्पबेरी पाय पडद्यावर विजेचे चिन्ह दाखवून इशारा देतो; पण पडदाच जोडलेला नसेल तर तो इशारा पाहणार कोण? भ्रमणध्वनीच्या जुन्या चार्जरवर संगणक चालविला, की तो सुरू होतो, तासन्तास चालतो आणि मध्येच यूएसबीवरील उपकरणे सोडून देतो. दोष केबलीचा वाटतो, मूळ असते चार्जरमध्ये. चांगला चार्जर घ्यावा आणि वीज वारंवार जात असेल तर बॅटरीची जोड द्यावी. नोंद लिहीत असताना वीज गेली तर मेमरी कार्डावरील माहिती बिघडू शकते, म्हणून नोंदींची दुसरी प्रतही ठेवावी.

दुसरा दोष गोठलेल्या द्वाराचा. अनेक नावांनी विकल्या जाणाऱ्या एका प्रचलित बनावटीत तो विशेष आढळतो. डिस्प्लेवर आकडे व्यवस्थित बदलत राहतात, पण संगणकाला तो मुळीच उत्तर देत नाही. बाहेरचा संदेश येत असताना किंवा तो स्मृतीत लिहिला जात असतानाच संगणकाने वाचावयास जावे, की असे घडते, असा वापरणाऱ्यांचा अनुभव आहे. संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्याने काही साधत नाही. डिस्प्लेची केबल आणि सेल दोन्ही काही क्षण काढून मग परत बसवावे लागतात. त्यानंतर घड्याळ लावावे आणि बाहेरचा संदेश पकडला जाईपर्यंत, बटणे न दाबता, काही मिनिटे स्वस्थ बसावे. ‘पायडब्ल्यूडब्ल्यूएस’ हा विनामूल्य प्रोग्राम ही नाजूक वेळ चुकवून वाचन करण्याची काळजी घेतो.

तिसरा दोष घड्याळाचा. रास्पबेरी पायच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत संगणकात सेलवर चालणारे घड्याळच नव्हते. पाचव्या आवृत्तीत ते आले, तरी त्याचा सेल वेगळा जोडावा लागतो. असे घड्याळ नसलेला संगणक वेळ इंटरनेटवरून घेतो. वादळात वीज आणि इंटरनेट दोन्ही गेली आणि आधी वीज आली, तर संगणक मागे राहिलेली वेळच खरी मानून नोंद करू लागतो. मध्यरात्रीचा पाऊस मग आदल्या संध्याकाळच्या खात्यावर पडतो. यावर उपाय एक लहानसे घड्याळ जोडणे. त्याची किंमत फारशी नसते.

येथे एक दिलाशाची गोष्ट सांगितली पाहिजे. वर सांगितलेल्या बनावटीच्या डिस्प्लेत ४०८० नोंदी साठतात. दर पाच मिनिटांनी नोंद ठेवली तर त्या चौदा दिवस पुरतात. म्हणून संगणक बंद पडला की आकडे गेलेच, असे समजून हताश होऊ नये. घाईने डिस्प्लेची स्मृती न पुसता संगणक दुरुस्त करावा; मागील नोंदी बहुधा परत मिळतात.

बोलते, पण खरे बोलते का?

अबोल यंत्रापेक्षा चुकीचे बोलणारे यंत्र अधिक घातक. ३० मे २०२४ रोजी नागपूर येथील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखविले. भारतात अधिकृतपणे नोंदलेले सर्वाधिक तापमान, १९ मे २०१६ रोजी राजस्थानातील फलोदी येथले, ५१ अंश आहे हे ध्यानात घेतले म्हणजे लोक का दचकले ते समजते. हवामान खात्याने लवकरच खुलासा केला, की संवेदकातील बिघाडामुळे तो आकडा चुकीचा होता. आदल्याच दिवशी दिल्लीतील मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश दाखविले होते. तेथेही प्रमाणित उपकरण शेजारी ठेवून पडताळणी झाली आणि केंद्राचा संवेदक सुमारे तीन अंश अधिक दाखवीत असल्याचे आढळले. सरकारी केंद्रांनाही जे चुकत नाही, ते आपल्या गच्चीवरील यंत्राला चुकेल असे मानू नये. पडताळणीची रीतही तीच: शेजारी एक साधे, विश्वासाचे उपकरण ठेवायचे.

तापमापक उन्हात किंवा तापलेल्या भिंतीलगत असेल तर तो हवेचे नव्हे, उन्हाचे आणि भिंतीचे तापमान सांगतो. पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा ते दोन मीटर उंचीवर, मोकळ्या जागी त्याला ठेवावे.

पर्जन्यमापकाची परीक्षा घरातील मुलेही करू शकतात. त्याच्या आत शिसॉसारखी एक दुहेरी वाटी असते. ती एका बाजूने भरली की उलटते आणि प्रत्येक उलटणे मोजले जाते. कित्येक यंत्रांत एका हेलकाव्याचा अर्थ ०.३ मिलिमीटर पाऊस असा असतो. नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ काढावे. ते १०० चौरस सेंटिमीटर असेल तर १०० मिलिलिटर पाणी म्हणजे बरोबर १० मिलिमीटर पाऊस. तेवढे पाणी अर्ध्या तासात थेंबथेंब सोडावे. सुमारे तेहतीस हेलकावे नोंदले गेले तर मापक खरा. फारच कमी नोंदले गेले तर आत कोळ्याचे जाळे, पालापाचोळा किंवा मुंग्यांची माती सापडण्याचा संभव मोठा.

उलट, काही वेळा यंत्र खरे असते आणि आपणच त्याला दोषी ठरवितो. मुंबईतील नातलगाच्या यंत्रावर वायुभार १००५ हेक्टोपास्कल आणि पिंजौरच्या घरी ९५०च्या आसपास, असे पाहून कोणी यंत्र परत करावयास निघेल. परंतु पिंजौर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे, आणि दर आठ-नऊ मीटर चढाला वायुभार साधारण एक हेक्टोपास्कलने उतरतो. पुण्याची उंचीही जवळजवळ पिंजौरएवढीच असल्याने पुणेकरांनाही हाच आकडा दिसेल. यंत्रात आपल्या गावची उंची भरली की समुद्रसपाटीचा आकडा मिळतो आणि गावागावांची तुलना करता येते.

एका अंशाचे मोल

ही सगळी हौशी माणसांची करमणूक, असे कोणास वाटेल. महाराष्ट्रात तसे वाटून घेऊन चालणार नाही. राज्यात ‘महावेध’ प्रकल्पाखाली महसूल मंडळांतून दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत, आणि हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई अशा केंद्रांच्या नोंदींवरून ठरते. तापमान ठराविक अंशाखाली सलग ठराविक दिवस राहिले, किंवा अवेळी पाऊस ठराविक मापाहून अधिक झाला, तर भरपाई देय होते. केळी, द्राक्ष वा आंबा पिकविणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने संवेदकाची एका अंशाची चूक म्हणजे मुलांची फी किंवा पुढील हंगामाचे खत असू शकते.

घरची नोंद विम्याचा पुरावा ठरत नाही, हे खरे. परंतु जो शेतकरी आपल्या अंगणात रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खात्याच्याच वेळेस, पाऊस मोजतो, त्याला मंडळाच्या केंद्राचा आकडा संशयास्पद वाटला तर तो वेळेवर आणि नेमकेपणाने प्रश्न विचारू शकतो. ‘आमच्याकडे फार पाऊस झाला’ असे मोघम सांगण्यापेक्षा तारखेनिशी सांगितलेल्या आकड्याला अधिक वजन असते.

म्हणून हवामानयंत्राशेजारी एक वही अवश्य ठेवावी. यंत्र कधी बंद पडले, काय बदलले, कशाने सुरू झाले, हे तीत लिहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार्जर, केबल आणि प्रोग्राम एकदमच बदलले तर यंत्र सुरू होईल, पण दोष कशात होता ते कळणार नाही आणि पुढल्या पावसाळ्यात तो पुन्हा दारात उभा राहील. गच्चीवर एक साधा, हाताने मोजायचा पर्जन्यमापकही असू द्यावा. त्याला वीज लागत नाही, केबल लागत नाही. ज्या रात्री बाकी सारे बंद पडेल, त्या रात्रीचा पाऊसही तो सकाळपर्यंत जपून ठेवील.