आधी कुलूप, मग गोष्ट

पॉइंट अँड क्लिक ॲडव्हेंचर गेम करून पाहावा असं ज्याच्या मनात येतं, त्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा असतो आणि दुसरा चित्रांचा. कोणतं साधन घ्यावं, प्रोग्रॅमिंग किती यावं लागेल, साधं झाडसुद्धा धड काढता येत नसेल तर काय करायचं? प्रश्न रास्त आहेत, पण त्यांचा नंबर बराच मागचा आहे. पडद्यावर एक चित्र, त्यात दार, पेटी, माणूस अशा वस्तू. त्यांवर क्लिक करायचं, सापडेल ते झोळीत टाकायचं आणि योग्य ठिकाणी वापरून अडलेली वाट मोकळी करायची, एवढाच हा खेळ. तो फसतो तेव्हा कोडमधल्या चुकीमुळे किंवा ओबडधोबड चित्रामुळे क्वचितच फसतो. फसतो तो कोड्यांमुळे. आणि कोडं रचायला संगणक लागत नाही, कागद लागतो. म्हणून नवशिक्यानं एकाच खोलीचा गेम करावा, तो शेवटाकडून मागे रचत यावा आणि गोष्टीच्या आधी कुलूप ठरवावं, असं माझं मत आहे. यातला शेवटचा भाग अनेकांना पटणार नाही. त्याकडे पुढे येतोच.

तंत्राची अडचण किती जुनी आणि किती आधी सुटलेली आहे, ते आधी पाहू. 1980 साली केन आणि रॉबर्टा विल्यम्स या जोडप्यानं ॲपल टू संगणकासाठी ‘मिस्टरी हाउस’ केला. त्यात चित्रं होती, पण आज्ञा टाइप कराव्या लागत, आणि गेमला कळणारा नेमका शब्द सापडेपर्यंत खेळणारा चाचपडत राही. 1987मध्ये रॉन गिल्बर्ट आणि गॅरी विनिक यांनी लुकासफिल्म गेम्समध्ये ‘मॅनियाक मॅन्शन’ केला तेव्हा ‘उघड’, ‘ढकल’, ‘दे’ अशी क्रियापदं पडद्याच्या तळाशीच मांडली. टाइप करण्याचा जाच संपला. त्याहून महत्त्वाचं काम पडद्यामागे झालं. कमोडोर 64सारख्या तुटपुंज्या मशीनवर प्रत्येक दार आणि प्रत्येक संवाद मशीनच्या भाषेत लिहीत बसण्याऐवजी या खेळासाठी ‘स्कम’ नावाची वेगळी स्क्रिप्टची व्यवस्था तयार झाली. पुढची दहा वर्षं, 1997च्या ‘द कर्स ऑफ मंकी आयलंड’पर्यंत, ती वापरात राहिली. त्याच 1997 साली ख्रिस जोन्स यांनी पुढे ‘ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ’ म्हणून ओळखलं गेलेलं साधन हौशी लोकांसाठी आणलं. ते आजही मोफत मिळतं. अडचण खरोखर साधनाची असती, तर त्यानंतर आलेला प्रत्येक गेम चांगला निघायला हवा होता.

तसं झालं नाही, आणि फसलेल्यांत नवशिके एकटे नव्हते. सिएरा ही या क्षेत्रातली बडी कंपनी. तिच्या 1990च्या ‘किंग्ज क्वेस्ट फाइव्ह’मध्ये एक मांजर उंदराचा पाठलाग करताना काही क्षण दिसते. त्या क्षणात वाळवंटात सापडलेला जुना बूट तिच्यावर भिरकावला नाही, तर पुढे कधीतरी तळघरात जखडलेल्या राजाच्या दोऱ्या कुरतडायला तो उंदीर येत नाही आणि खेळ तिथेच संपतो. आपण कुठे चुकलो हे कळायला खेळणाऱ्याला कसलाच मार्ग नाही. याच कंपनीच्या 1999च्या ‘गॅब्रिएल नाइट 3’मध्ये नायकाला एका ओळखीच्या माणसाचं सोंग घेऊन मोटारसायकल भाड्यानं घ्यायची असते. त्यासाठी भोकाला चिकटपट्टी लावून त्यातून जाणाऱ्या मांजराचे केस मिळवायचे, पाकानं ते ओठावर चिकटवून मिशी करायची. आणि ज्याचं सोंग घ्यायचं त्याला मुळात मिशीच नाही, म्हणून त्याच्या ओळखपत्रावरच्या फोटोलाही पेनानं मिशी काढायची! चित्रं, आवाज, पैसा, अनुभव यांपैकी कशाचीही कमतरता नसताना हे कोडं हसण्यावारी गेलं आणि आजही या प्रकाराची थट्टा करायची झाली की तेच नाव निघतं.

याचा उतारा गिल्बर्टनं 1989मध्येच एका लेखात लिहून ठेवला होता. त्यातला एक नियम नवशिक्यानं भिंतीवर लावावा असा आहे: अडचण आधी दिसावी, तोडगा नंतर सापडावा. वाटेत दरी आडवी आली की मन आपोआप दोरीचा विचार करतं. मग दोरी सापडते तेव्हा तो आनंद खेळणाऱ्याच्या स्वतःच्या कमाईचा असतो. दोरी आधी मिळाली, तर ती नुसतीच झोळीत पडून राहते. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’मधलं ग्रॉगचं कोडं बघा. तुरुंगाच्या कोठडीचं कुलूप काढायचं आहे. गुत्त्यातली ग्रॉग नावाची दारू इतकी जहाल, की कथलाचे पेलेसुद्धा वितळवते. ही ख्याती गुत्त्यातले चाचे आपण होऊन ऐकवतात. कुलूपही ती वितळवेल, पण तुरुंगापर्यंत न्यायची कशी? चार-पाच पेले घ्यायचे, एक भरायचा आणि वाटेत पेला वितळू लागला की दारू दुसऱ्यात ओतत धावायचं. यात एकही गोष्ट लपवलेली नाही. जी माहिती विनोद म्हणून कानावर पडली तीच हत्यार ठरते, आणि उत्तर कळल्यावर ‘हे मला कसं सुचलं नाही’ असंच वाटतं. चांगल्या कोड्याची दुसरी कसोटी मला माहीत नाही.

आता हे कागदावर कसं उतरतं ते एका कल्पित खोलीत पाहू. वाड्याची मागची पडवी, समोर आड. शेवट आधी ठरवू: आजीची ट्रंक उघडायची. का उघडत नाही? किल्ली नाही. किल्ली कुठे आहे? आडाच्या तळाशी, नितळ पाण्यात चमकते आहे. वर कशी काढायची? दोरीला लोहचुंबक बांधून. दोरी कपडे वाळत घालायची आहेच; लोहचुंबक जुन्या रेडिओच्या स्पीकरमध्ये. रेडिओ कसा खोलायचा? देवळीतल्या नाण्यानं त्याचा स्क्रू फिरवून. ही साखळी शेवटाकडून लिहीत आल्यामुळे तिच्यात एकही कडी उपरी राहिली नाही. पण कोडं अजून प्रामाणिक झालेलं नाही. किल्ली पितळी असेल तर लोहचुंबकाला ती चिकटणारच नाही, आणि हे शाळकरी पोरही सांगेल. तेव्हा किल्ली लोखंडी कडीत अडकवलेली दाखवावी लागेल. आडात डोकावण्याआधीच कुणी रेडिओ खोलायला घेतला, तर गिल्बर्टचा नियम मोडतो. म्हणून तोवर नायकानं ‘उगाच चांगला रेडिओ कशाला खोला?’ म्हणावं. आणि खेडेगावात वाढलेला खेळणारा हमखास विचारेल, आडात पडलेलं काढायला शेजारून गळ का नाही आणायचा? या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. ‘गळाला बादली लागते, एवढीशी किल्ली कशी लागणार?’ असं एक वाक्य पुरतं. पण ते नसेल, तर खेळणारा आपल्याला मूर्ख ठरवतो आणि त्याचं चुकत नाही.

अशी उत्तरं किती लिहावी लागतात, याचा हिशेब केला की एकाच खोलीचा आग्रह का, ते कळतं. या पडवीत क्लिक करण्याजोग्या आठ वस्तू धरू: ट्रंक, आड, रेडिओ, देवळी, कपड्यांची दोरी, झोपाळा, तुळशीवृंदावन आणि आजोबांची तसबीर. झोळीत येणाऱ्या चार: नाणं, दोरी, लोहचुंबक, किल्ली. प्रत्येक वस्तू पाहणं आणि हाताळणं मिळून सोळा उत्तरं. झोळीतली प्रत्येक चीज प्रत्येक वस्तूवर वापरून पाहिली तर बत्तीस. झोळीतल्या चिजा एकमेकींना लावून पाहिल्या तर सहा. एकूण 54. आता खोल्या पाचपट करू: चाळीस वस्तू, झोळीत वीस चिजा. 80 अधिक 800 अधिक 190, म्हणजे 1,070 उत्तरं. खोल्या पाचपट झाल्या आणि काम जवळजवळ वीसपट. अर्थात सगळी उत्तरं वेगळी लिहिलीच पाहिजेत असं नाही. पण दहा ठिकाणी ‘असं करता येणार नाही’ हे एकच वाक्य भेटलं की खेळणाऱ्याचा उत्साह मावळतो. लोहचुंबक आजोबांच्या तसबिरीला लावून पाहणाऱ्याला एक खुसखुशीत वाक्य मिळालं, तर उत्तर चुकूनही तो खूश असतो. चोपन्न चांगली वाक्यं नवशिक्याच्या आवाक्यात आहेत. हजार नाहीत. पाच खोल्यांचे, पाच शहरांचे, पाच भागांचे संकल्प अर्ध्यावर पडतात ते इथेच.

आता मुख्य आक्षेप. ॲडव्हेंचर गेमचा प्राण गोष्ट आहे, लोक त्यातली माणसं लक्षात ठेवतात, कुलपं नाही; मग कुलपापासून सुरुवात म्हणजे उलटी गंगाच. पूर्वार्ध मला मान्य आहे. पण गोष्ट आधी पूर्ण लिहून मग तिच्यात कोडी बसवायला गेलं, की ती टोलनाक्यासारखी रस्ता अडवून उभी राहतात. गोष्टीला त्यांची गरज नसते आणि खेळणाऱ्याला ते जाणवतं. उलट वाटेनं काय होतं ते वरच्या पडवीतच दिसेल. किल्ली आडात पडली की कुणी टाकली? टाकली असेल तर आजीनं स्वतःच का? ट्रंकेत असं काय होतं? दोन पावलांत माणसं आणि त्यांचे हेतू समोर उभे राहतात, आणि ते अडथळ्याशी घट्ट बांधलेले असतात. डेव्ह गिल्बर्ट (रॉन गिल्बर्टशी नातं नाही) यांचा ‘द शिवा’ हा 2006चा गेम याच अंगानं पाहावा. न्यूयॉर्कमधल्या एका ज्यू धर्मगुरूची, त्याच्या डळमळलेल्या श्रद्धेची ती गोष्ट. आणि त्यात बरंचसं अडतं ते माणसांना काय विचारावं, काय उत्तर द्यावं यावर. म्हणजे कुलूप लोखंडीच असावं लागतं असं नाही. हा गेम मुळात ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ वापरणाऱ्यांच्या महिन्याभराच्या स्पर्धेसाठी केलेला होता. नंतर वाढवून तो विकायला काढला, आणि लेखकाचा पूर्णवेळ व्यवसाय तिथून सुरू झाला. एवढ्याशा गेमला कोण विचारतो, या शंकेलाही यातच उत्तर आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: अडलं तर लोक इंटरनेटवर उत्तर पाहतात, मग कोड्याच्या न्याय्यतेचा एवढा बाऊ कशाला? पाहतात, आणि पाहू द्यावं. पण उत्तर वाचून ‘अरे हो’ म्हणणारा पुढच्या कोड्याला स्वतः भिडतो. ‘हे कुणाला सुचणार होतं’ म्हणणारा तिथून पुढे उत्तरं समोर ठेवूनच खेळतो, किंवा सोडून देतो. कोण काय म्हणेल हे रचणाऱ्याला स्वतःला कधीच कळत नाही, कारण त्याला उत्तर माहीत असतं. म्हणून चित्रं काढण्याआधी कागदावर पडवीचा आराखडा काढून तो कुणासमोर तरी ठेवावा. त्यानं सांगायचं ‘आडात बघतो’, आपण लिहिलेलं उत्तर वाचायचं, आणि त्याखेरीज एक अक्षर बोलायचं नाही. गप्प बसणं हाच यातला अवघड भाग. तो जे करून पाहील आणि आपल्या वहीत ज्याला उत्तर नसेल, ते टिपून घ्यायचं. गळाचा प्रश्न असाच हाती लागतो.

एवढं झाल्यावर साधनाची निवड करायला हरकत नाही, आणि ती सोपी होते. रँड आणि रॉबिन मिलर या भावांचा 1993चा ‘मिस्ट’ मॅकवरच्या हायपरकार्डमध्ये, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या कार्डांच्या चळतीत बांधलेला होता. त्यामुळे पहिला नमुना लिंक जोडलेल्या स्लाइड्सवर केला तरी त्यात कमीपणा नाही. चित्रांच्या जागी मोबाइलवर काढलेले पडवीचे फोटो चालतील. पुढे विंडोजवर काम करणाऱ्याला ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ आहे. गोडो या मोफत इंजिनासाठी पोपोचिऊ नावाची जोड आहे. मराठीत गेम करणाऱ्यानं मात्र साधन पक्कं करण्याआधी एक गोष्ट तपासावी. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते अक्षरानंतर, पण दिसते अक्षराआधी. जोडाक्षरं जुळवावी लागतात. जे साधन अक्षरामागून अक्षर नुसतं मांडत जातं, त्यात वेलांटी भलतीकडे जाते आणि पाय मोडलेले ‘ल’ सुटे उभे राहतात. गोडोच्या चौथ्या, 2023मध्ये आलेल्या आवृत्तीपासून ही जुळणी इंजिनच करतं. इतरत्र देवनागरी फॉन्ट घालून ‘किल्ल्यातल्या विहिरीत पडलेली किल्ली’ एवढी एक ओळ पडद्यावर उमटवून पाहावी. ती नीट दिसली नाही, तर चोपन्न वाक्यं टाइप करण्याआधीच साधन बदलावं.