जड बाणाचे गणित

यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, मारेगाव, झरी जामणी या तालुक्यांत कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या आहेत. त्या भागातील सागाच्या पानझडी जंगलात मानवेल जातीचा बांबू वाढतो. बहुतेक बांबू आतून पोकळ असतात. कोरड्या जागी वाढलेल्या मानवेलाचे बारीक कांडे मात्र जवळजवळ भरीव असते. त्यामुळे बोटाहून बारीक दांडीतही वजन आणि ताठपणा दोन्ही मिळतात. रानडुक्कर, रोही (नीलगाय), सांबर अशा मोठ्या जनावरासाठीच्या बाणाला हेच दोन गुण लागतात.

ताणलेल्या धनुष्यातील सगळी ऊर्जा बाणाला मिळत नाही. दोरी आणि धनुष्याची टोके हलवण्यात काही खर्ची पडते. समजा, धनुष्यात 60 ज्यूल ऊर्जा साठली आणि हलत्या भागांचा भार 10 ग्रॅम वस्तुमानाइतका आहे. 25 ग्रॅमचा बाण सेकंदाला सुमारे 59 मीटर वेगाने सुटेल आणि 43 ज्यूल ऊर्जा नेईल. 50 ग्रॅमच्या बाणाचा वेग 45 मीटरवर उतरेल, पण ऊर्जा 50 ज्यूल होईल आणि संवेग दीडपट. जाड कातडी आणि स्नायूंचा विरोध मोडताना हा संवेग कामी येतो. शिवाय बाण हलका असला, तर उरलेली जास्तीची ऊर्जा धनुष्यालाच हादरे देते आणि ते तडकण्याची भीती वाढते.

दोरी सुटताच मागून धक्का बसतो, पण पुढचे जड पाते जागचे हलायला वेळ घेते. या ओढाताणीत दांडी वाकते. पाते जितके जड, तितकी दांडी ताठ हवी. नाहीतर बाण डुलत जातो आणि तिरपा आदळून मोडतो. भरीव दांडीचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. 8 मिलिमीटरऐवजी 9 मिलिमीटरची दांडी घेतली, तर तो सुमारे 60 टक्क्यांनी वाढतो.

बांबूचे धागे सालीलगत सर्वांत दाट असतात. म्हणून गाठी घासून सपाट करतात, पण साल खोल तासत नाहीत. वाकडे कांडे विस्तवावर शेकले की धाग्यांना बांधून ठेवणारे लिग्निन मऊ होते. मग कांडे हाताने सरळ करून थंड होईपर्यंत तसेच धरतात. जिथे पाते बसते ते टोक आणि दोरीची खाच, दोन्ही जागी घट्ट दोरा गुंडाळतात, म्हणजे दांडी उभी चिरत नाही.

लोखंडी पात्यामुळे बाणाचा गुरुत्वमध्य पुढे सरकतो. मागची पिसे हवेचा विरोध वाढवून शेपूट रेषेत ठेवतात. तिन्ही पिसे पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखाची असावी लागतात. त्यांची वळणे एका दिशेने असली तरच बाण स्वतःभोवती फिरत सरळ जातो.

वजनाची किंमत पल्ल्यात मोजावी लागते. वरच्या उदाहरणातील हलका बाण 20 मीटरवर सुमारे 57 सेंटीमीटर खाली येतो, जड बाण 98 सेंटीमीटर. त्यामुळे जड बाण जवळच्या अंतरावरच उपयोगी पडतो.

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार भारतात वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. केळापूरजवळच्या टिपेश्वर अभयारण्यातले सांबर आणि रोहीही त्याच कायद्याच्या संरक्षणात आहेत. त्यामुळे अशा बाणाची पारख आता निशाणावरच करता येते.