स्टेअरिंगचा गिअर बसवताना

वर्ध्यात आज पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांनी आयुष्यातला पहिला गिअर डाव्या हाताने टाकला. बजाज चेतकच्या डाव्या मुठीतच क्लच आणि गिअर. मूठ फिरली की दोन तारांपैकी एक ओढली जाई आणि गिअर बदले. 1972 साली ही स्कूटर आणणाऱ्या कंपनीचं मूळही वर्ध्याचंच. जमनालाल बजाज यांच्या घराण्याने 1945 मध्ये काढलेली बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन म्हणजेच पुढची बजाज ऑटो.

चारचाकीत हीच सोय स्टेअरिंगखाली होती. अँबॅसेडर आणि कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी या दोन्ही गाड्यांमध्ये लिव्हर स्टेअरिंगच्या दांड्याला डावीकडे असे. त्यामुळे मधली जागा मोकळी राही आणि पुढच्या सलग बाकावर तिसरा माणूस आरामात बसे. मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 पर्यंत टिकली. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी तेव्हा रस्त्यावरून उतरली.

या लिव्हरला दोन हालचाली असतात. दांड्याच्या दिशेने मागे-पुढे केली की गिअरची जोडी निवडली जाते, वर-खाली फिरवली की त्या जोडीतला एक गिअर पडतो. दांड्याला समांतर जाणाऱ्या शाफ्टच्या टोकाला आर्म, आर्मला रॉड आणि रॉडचं दुसरं टोक गिअरबॉक्सला. मधल्या प्रत्येक सांध्यात बुश. वर्ध्याच्या उन्हाळ्यात रबरी बुश कडक होऊन चिरतात, पावसाळ्यात काळी माती खालच्या सांध्यांना चिकटून बसते. एकेका बुशची झीज थोडीच, पण ती साचत जाते आणि लिव्हर दुसऱ्यात असली तरी गिअर अर्धवटच पडतो.

नवी जोडणी बसवताना आधी चाकांना अडसर लावावा आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी, कारण हॉर्नची तारही स्टेअरिंगमधूनच जाते. चाकं सरळ ठेवून स्टेअरिंग आणि दांडा यांवर रंगाने खूण करावी, मगच पुलरने स्टेअरिंग ओढावं. हातोडा मारू नये. जुने बुश सगळे एकदम बदलावेत. मग येतं खरं काम: लिव्हर न्यूट्रलमध्ये, गिअरबॉक्सही न्यूट्रलमध्ये, आणि त्या स्थितीत रॉडची लांबी अशी जुळवायची की सांध्याची पिन जोर न लावता आत जावी. पिन ठोकून बसवावी लागली, तर माप चुकलं. लॉकनट आवळून स्प्लिट पिन नवीच घालावी. इंजिन बंद ठेवून क्लच दाबून रिव्हर्ससकट सगळे गिअर टाकून पाहावेत, स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून काही अडकत नाही ना, हेही तपासावं.

वैतागून काहीजण फ्लोअर कापून खाली गिअर बसवतात. अँबॅसेडरला 1990च्या दशकात कंपनीनेच खालचा गिअर दिला, पण त्यासोबत इसुझूचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्सही बदलला. जुन्या बॉक्सवर तसा घाट घालण्यात नुकसानच जास्त. घरात अशी गाडी उभी असेल आणि गिअर अडत असेल, तर गिअरबॉक्स खोलण्याआधी एकदा खालचे बुश जरूर तपासून घ्या.